गावाच्या स्तंभावर कोणाची नावे कोरायची? १९४८ सालच्या आठवणी नोंदवताना पडलेला प्रश्न

शिवारफेरी

नमस्कार. धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून सात-आठ किलोमीटर आत आमचे गाव आहे. एकतीस वर्षे शिक्षकी करून मी निवृत्त झालो. येत्या मुक्तिसंग्राम दिनी वेशीजवळ स्तंभ उभारायचे ग्रामपंचायतीने ठरवले असून, ‘रझाकारांच्या अत्याचारात बळी पडलेले ग्रामस्थ’ या मथळ्याखाली कोरायची नावे जमवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

गावात लहानपणापासून ऐकत आलो ती हकीकत अशी की, रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, माणसे मारून शिवेवरच्या बारवेत टाकली. त्या बारवेचे पाणी नंतर कोणीही वापरले नाही. बाहत्तरच्या दुष्काळात बायका दोन-दोन कोस पाण्याला जात होत्या, तेव्हासुद्धा तिथे कोणी पोहरा सोडला नाही. म्हणून मी वही घेऊन आमच्या आत्याकडे बसलो. त्या वेळी ती अकरा-बारा वर्षांची होती. पहिल्या दोन बैठकांत तिने रझाकारांचेच सांगितले. हाली रुपयांत (निजामाच्या चलनात) मागितलेली वर्गणी, उचलून नेलेली ज्वारी, चौकटीवर अजून दिसणारी भाल्याची खूण, मुलींना रातोरात हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला नेऊन ठेवणे आणि चैत्रात मारले गेलेले तीन जण. या तिघांविषयी गावात कोणाचेही दुमत नाही.

तिसऱ्या बैठकीत ती सुपात ज्वारी निवडत होती. मी बारवेचे विचारले. हात न थांबवता ती म्हणाली, “बारवंतले व्हय? ते पित्रात झालं. आईनं वड्याला उडीद भिजू घातले होते, ते तसेच ऱ्हायले. पिंजाऱ्याचं घर होतं ते. आपल्या गाद्या भरायला यायचा.”

पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारे मुसलमान. आणि पितृपंधरवडा म्हणजे गणपतीनंतर, तोवर तर रझाकारांचे राज्य संपले होते. मग बारवेतली माणसे कोणी मारली, आणि स्तंभावर मी काय लिहावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेरणाकाठ

गुरुजी, वाचून सुन्न झालो. आमच्या गावातही अशी एक विहीर आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही, एवढेच आज सांगतो.

मोडीवाचक

आत्यांच्या उडदाला कमी लेखू नका. निरक्षर किंवा लहान वयाच्या साक्षीदाराला तारीख विचारली तर तो घाबरून कोणतीही सांगतो. सण, पीक, पाऊस, घरातले बाळंतपण विचारले तर सहसा चुकत नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामाने शरणागती पत्करली तो शुक्रवार, अनंत चतुर्दशीचा दिवस होता. पौर्णिमा १८ तारखेची. त्यामुळे पितृपंधरवडा १९ सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत चालला. आत्यांची खूण खरी असेल, तर बारवेची घटना शरणागतीनंतरची ठरते.

इथे एक सावधगिरी सांगतो. गावाच्या जुन्या दप्तरात एखादा कागद सापडला आणि त्यावर ‘१३५७ फसली’ असे असले, तर त्यावरून घटना आधीची की नंतरची हे ठरत नाही. हैदराबाद संस्थानातले फसली साल ऑक्टोबरमध्ये, आजूर महिन्यापासून सुरू होई, आणि सालात ५९० मिळवले की त्या आरंभाचे इसवी सन मिळते. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे येते. रझाकारांचा जोर, पोलीस ॲक्शन (भारतीय फौजेची कारवाई) आणि तो पितृपंधरवडा हे सगळे एकाच फसली सालात बसतात. अशा कागदावर महिना वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. उर्दू शिकस्ता (घाईचे, जोडून लिहिलेले अक्षर) वाचणारा माणूस जवळ नसेल, तर स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवा. अंदाजाने वाचू नका.

बालाघाट

मोडीवाचकांच्या माहितीत एक भर घालतो. १७ सप्टेंबर ही हैदराबादेतल्या शरणागतीची तारीख आहे, तुमच्या गावची नव्हे. भारतीय फौज १३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरकडून शिरली आणि नळदुर्ग त्याच दिवशी हाती आले. गुरुजींचे गाव त्या रस्त्यालगत असेल, तर तिथले जुने अमीन (पोलीस अधिकारी) आणि जुना अंमल गणपती बसलेले असतानाच पळाला असणार. नवी घडी बसायला मात्र पुढे कित्येक आठवडे लागले. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले ते राजधानीत. आडगावात त्या मधल्या दिवसांत कोणाचाच अंमल नव्हता. अशा दिवसांत काय घडते हे आपल्याला ठाऊक आहे, पण आपण ते उच्चारत नाही.

सोनखत

माझे मत वेगळे आहे आणि ते कोणाला दुखवण्यासाठी मांडत नाही. रझाकारांनी आमच्या पणजोबांना झाडाला बांधून मारले. घरातल्या बायकांनी जे भोगले ते त्या तोंडाने कधीही बोलल्या नाहीत. त्या अत्याचाराची नोंद व्हायला आधीच पन्नास वर्षे उशीर झाला आहे. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला तर आजही सांगावे लागते की, आम्हाला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळाले. आता कुठे स्तंभ उभा राहतो आहे, तर त्यातच दुसरी बाजू घालायची गरज काय? गावात आज सलोखा आहे. ज्यांनी काही केले असेल त्यांची नातवंडे आणि पिंजाऱ्यांचे कोणी उरले असतील तर त्यांची नातवंडे एकाच शाळेत शिकत असतील. जखमेवरची खपली काढून कोणाचे भले होणार आहे?

जात्यावरची

सोनखत दादा, तुमच्या पणजोबांची हकीकत तुम्ही लिहून ठेवली आहे का? नसेल तर कृपया आजच लिहा. ही विनंती मनापासून करते आहे, कारण तुमची भीती खरी आहे. आपले दुःख अजून नीट ऐकले गेले नाही असे ज्याला वाटते, त्याला दुसऱ्याचे दुःख ऐकवत नाही.

मी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसून त्या काळच्या आठवणी लिहून घेते. पहिल्या भेटीत बाई तेच सांगते जे गावाने तिला सांगायला शिकवले आहे. ते खोटे नसते, पण ते सगळ्यांचे असते. तिचे स्वतःचे जे असते ते हातात काम असताना येते: शेंगा फोडताना, वाती वळताना. गुरुजींच्या आत्यांनी ज्वारी निवडताना सांगितले, याचे मला मुळीच नवल वाटले नाही. त्या वेळी समोर पुरुष बसलेला असतानाही त्या बोलल्या, हे मात्र विशेष आहे.

एक नियम मी कटाक्षाने पाळते. बाईवर झालेल्या अत्याचाराविषयी मी प्रश्न विचारत नाही. ती आपणहून बोलली तर लेखणी खाली ठेवून ऐकते आणि शेवटी विचारते, “यातलं काय लिहू?” एका आजीने सांगितले, “लिही, पर माझं नाव नको, गावाचं बी नको.” तिची नोंद माझ्याकडे तशीच आहे, नाव नाही, गाव नाही. ती अपुरी आहे हे मान्य करूनच मी ती जपली आहे.

दख्खनी_सफर

गुरुजी, आदाब. मी उदगीरचा. बराच वेळ विचार करून लिहितो आहे.

आमच्या घरी ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द शाळेतून आला आणि ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द नानीकडून आला. दोन्ही एकाच वर्षाचे आहेत हे कळायला मला सातवी-आठवी उजाडली. नानीचे वडील रझाकार नव्हते, विणकर होते. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातुरात वकिली करत होता, म्हणून लातूर-उदगीरकडचा प्रत्येक मुसलमान त्याच्या मागे होता असे आजही गृहीत धरले जाते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना भररस्त्यात ठार केले आणि हात तोडले. मारणारे रझाकार होते. त्यांचे नाव आमच्या किती स्तंभांवर आहे?

मला सोनखतजींच्या दुःखाशी झगडायचे नाही. त्यांच्या पणजोबांना मारणाऱ्यांची बाजू मी कशी घेईन? माझा प्रश्न फक्त गुरुजींना आहे. आपण हीच वही घेऊन आमच्या मोहल्ल्यात आलात, तर पहिल्या पानावर काय लिहिलेले असेल? त्यावर आधीच ‘रझाकारांच्या अत्याचारातील बळी’ असा मथळा असेल, तर नानी तुम्हाला पाणी देईल, चहा देईल, पण काही सांगणार नाही.

शिवारफेरी

दख्खनी भाई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. वहीवर तोच मथळा आहे. ग्रामपंचायतीने दिला म्हणून मी तो पहिल्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

गोदातीर

सुंदरलाल समितीचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेतून विदारक बातम्या येऊ लागल्या, तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना तिकडे पाठवले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते फिरले. १६ पैकी ९ जिल्ह्यांत गेले. ज्या गावांना पोहोचता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेले म्हणून त्यांनी जे चार जिल्हे सांगितले, त्यांत गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर आपले उस्मानाबाद आणि नांदेड आहेत.

हा आकडा सरकारने मान्य केला नाही, सरदार पटेलांनी समितीवर नाराजी व्यक्त केली आणि अहवाल प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वांना पाहायला मिळू लागला तो २०१३ मध्ये, म्हणजे पासष्ट वर्षांनी. एवढ्या काळात बोलू शकणारी बहुतेक माणसे निघून गेली.

सोनखतजींनी हेही लक्षात घ्यावे की, रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार त्या अहवालाने नाकारलेले नाहीत, आणि शेजारच्या मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. एका कागदावर या तिन्ही गोष्टी मावतात.

सोनखत

गोदातीर, २७ आणि ४० यांत तेरा हजारांचे अंतर आहे. एवढ्या सैल आकड्यावर आपण इतिहास उभा करायचा का?

गोदातीर

रास्त आक्षेप आहे. तो अंदाज होता आणि त्यांनी तो अंदाज म्हणूनच दिला. सुमारे तीन आठवड्यांत, गावोगावच्या नोंदी नसताना, त्याहून नेमके काही देणे शक्यही नव्हते.

याच कारणाने अर्जेंटिनाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथली लष्करी राजवट १९८३ मध्ये संपल्यावर बेपत्ता माणसांचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला गेला. त्याने १९८४ मध्ये ८,९६१ बेपत्तांची नोंद केली. तिथल्या मानवाधिकार संघटना आजही ३० हजार हा आकडा सांगतात. या दोन आकड्यांवरून तिथे अजूनही कडाक्याचा वाद चालतो. पण आयोगाच्या यादीतला एकेक माणूस, त्याचे नाव, त्याला कुठून उचलले ती जागा, हे नोंदले गेले होते. पुढे खटले उभे राहिले तेव्हा अशा नोंदी उपयोगी पडल्या. एकूण किती, यावर वाद होत राहील. बारवेत पडलेला पिंजारी होता की नव्हता, हे मात्र गुरुजींच्या आत्यांना विचारून समजते. आपल्याकडे मोठा आकडा आहे आणि त्याखाली नावांची यादी नाही. ती यादी गावातच होऊ शकते.

वकील_लातूर

आता थोडे व्यवहाराचे.

वहीत प्रत्येक वाक्यापुढे ‘पाहिले’ की ‘ऐकले’ हे लिहा, आणि ऐकले असेल तर कोणाकडून हेही. आत्यांनी बारव पाहिली का, प्रेते पाहिली का, की आई-वडिलांचे कुजबुजणे ऐकले? तिन्हींचे वजन वेगळे आहे. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हे वाक्य आले की समजावे, इथे साक्षीदार नाही. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत ठेवा. ‘पित्रात झालं’ या शब्दांना मोल आहे. तुम्ही ‘सप्टेंबर अखेरीस हत्याकांड घडले’ असे लिहून ठेवले की ते तुमचे वाक्य झाले, त्यांचे उरले नाही.

आवाज किंवा चित्र मोबाइलवर घेत असाल, तर मूळ फाइल कापू नका, सजवू नका आणि फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून निश्चिंत राहू नका. तिथे चित्रफीत दाबून लहान होते आणि मूळ तपशील गळतात. दोन ठिकाणी प्रती ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा) द्यावे लागते. तुमची नोंद कोर्टात जाणार नसली तरी ही शिस्त लावून घ्या. उद्या कोणी म्हणाले की आत्यांच्या तोंडी शब्द घातले, तर उत्तर तयार असेल.

मारणाऱ्यांची नावे हा नाजूक भाग आहे. मृताची बदनामीसुद्धा, जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल तर, कायद्याने गुन्हा ठरू शकते. एकाच माणसाच्या आठवणीवरून कोणाचेही नाव दगडावर कोरू नये, मग तो रझाकार असो की नंतरचा कोणी. वहीत लिहा, वही बंद ठेवा.

निळी_पहाट

हा धागा १९४८ पुरताच राहू नये असे मला वाटते. विषयांतर वाटल्यास क्षमस्व, पण ते आहे असे मी मानत नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव आमच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना कसे मारले ते मराठवाडा जाणतो. माझी आई त्या वेळी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात होती. तिच्याकडे तेव्हाच्या पंचनाम्याची नक्कल आहे. घडीवर फाटलेली, तेलाचे डाग पडलेली. त्यात जळालेल्या वस्तूंची यादी आहे: दोन रांजण, एक लाकडी पेटी, तुरीचे एक पोते, पत्रे नऊ. प्रत्येकापुढे किंमत लिहिली आहे. घराला आग लागली असे त्यात आहे. आग कोणी लावली याचा एक शब्द नाही. ‘लागली’ हे क्रियापद आमच्या आईने पुढे आयुष्यभर सहन केले. ती म्हणायची, “आग लागत न्हाई, लावत्यात.”

१९७९ मध्ये अत्याचार विरोधी समितीने गावोगाव फिरून त्या दंगलींचा अहवाल तयार केला. तो नसता तर सरकारी कागदात फक्त पत्रे नऊ उरले असते. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याआधी नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतले होते.

गुरुजी, तुमच्या गावात १९७८ मध्ये काय झाले? बारवेविषयी बोलणारे गाव त्याविषयी बोलेल का?

बालाघाट

पहाटताईंच्या पंचनाम्याने वकील साहेबांच्या मुद्द्याची दुसरी बाजू दाखवली. तोंडी साक्ष पारखून घ्यावी हे खरे, पण कागदही तसाच पारखून घ्यावा. आपल्याच बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथेही प्रमाणपत्रे होती, शिक्के होते. दुसरीकडे मुक्तिसंग्रामात खरोखर सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेल्या कित्येकांकडे चिटोराही नव्हता.

जात्यावरची

“आग लागत न्हाई, लावत्यात.” पहाटताई, हे वाक्य आपल्या आईच्या नावानिशी कुठेतरी लिहून ठेवा, ही विनंती.

उंबरठा

मोडीवाचक, आमच्या घरी मुंतखब (इनामाचा जुना कागद) आणि १९५४ च्या खासरा पाहणीचा, म्हणजे जमिनीच्या कब्जाच्या नोंदीचा, उतारा आहे. अशा कागदांतून या विषयावर काही निघते का?

मोडीवाचक

निघते, आणि पुष्कळ निघते. जमिनीचा कागद खुनाविषयी बोलत नाही, पण कब्जा कोणाचा आणि तो कधी बदलला हे सांगतो. १९४८ पूर्वीच्या कागदात एखाद्या कुटुंबाच्या नावावर घर, वाडगे किंवा इनामाचा तुकडा असेल आणि खासरा पाहणीत कब्जेदार म्हणून भलतेच नाव असेल, अन् मधे खरेदीखत नसेल, तर ते कुटुंब गेले कुठे हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तेवढ्यावरून कोणावर आरोप करू नये. लोक हैदराबादला गेले, कराचीला गेले, काहींनी तोंडी सौदेही केले. पण गुरुजींच्या आत्यांनी सांगितलेले पिंजाऱ्याचे घर गावठाणात कुठे होते आणि तिथे आज काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. तोंडी आठवण आणि जमिनीचा कागद यांनी एकमेकांना पाहिलेले नसते. दोघे एकच सांगू लागले तर मी त्यावर विश्वास ठेवतो.

सोनखत

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण जात्यावरची ताईंनी विचारलेला प्रश्न मनात होता. मी पणजोबांविषयी काहीही लिहिलेले नव्हते. काल चुलत्यांकडे गेलो. वय चौऱ्याऐंशी. मी ‘झाडाला बांधून मारले’ असे वर लिहिले आहे. चुलते म्हणाले की झाड लिंबाचे होते, ते आजही आहे, आणि दोर आमच्याच बैलाचा कासरा होता. हे मला ठाऊक नव्हते. पुढे त्यांनी सांगितले की, रात्री अंधारात येऊन तो कासरा कापला गावातल्या मुलाण्याने. पणजोबा त्यानंतर दोन दिवस जगले. पाणी मागितले ते त्या मुलाण्याकडे.

हे त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या आईने त्यांना सांगितले. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी ‘ऐकले, आईकडून’ असे लिहिले आहे.

गावाच्या सलोख्याविषयी मला अजूनही काळजी वाटते. पण दुसरी बाजू घालू नका असे जे मी म्हटले होते, ते मागे घेतो.

तेरणाकाठ

सोनखत दादा, तुम्हाला हात जोडून नमस्कार.

दख्खनी_सफर

सोनखतजी, आपले चुलते परवानगी देत असतील तर त्या मुलाण्याचे नाव मला वेगळे कळवा. त्याच्या घरी ही गोष्ट कोणाला माहीत आहे का, हे मला पाहायचे आहे.

शिवारफेरी

सर्वांचे आभार. मधल्या काळात काय झाले ते सांगतो.

वहीचे पहिले पान फाडले नाही, कारण तेही नोंदीचाच भाग आहे. त्यावर तारीख घालून रेघ मारली आणि खाली ‘आमच्या गावात १९४७ ते १९४९ या काळात मारली गेलेली माणसे’ असे लिहिले. निळी पहाट ताई, १९७८ साठी दुसरी वही केली आहे. बौद्धवाड्यातल्या दोघांशी प्राथमिक बोलणे झाले. एकाने वही पाहून विचारले, “हे आत्ता का?” माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मी तेव्हा याच गावात विद्यार्थी होतो आणि काय घडले ते मला ठाऊक आहे, हे मी त्यांना सांगितले. पुढच्या रविवारी ते बसणार आहेत.

ग्रामपंचायतीत दोन तास चर्चा झाली. स्तंभ होणार आहे, पण नावांची शिला यंदा बसणार नाही. सरपंच म्हणाल्या की चुकीचे कोरण्यापेक्षा वर्षभर कोरी ठेवू. काही जण नाराज होऊन उठून गेले. चैत्रातल्या तीन जणांच्या घरच्यांना मी स्वतः जाऊन भेटलो आणि त्यांची नावे राहणारच, हा शब्द दिला. त्यातल्या एका घरच्या सूनबाईंनी विचारले की बारवेतल्यांची नावे त्याच दगडावर येणार की वेगळ्या. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. मला स्वतःला एकच दगड हवा आहे, तिथीसह. वाचणाऱ्याला चैत्र आणि भाद्रपद हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत.

मोडीवाचकांच्या सांगण्यावरून गावठाणाचा कागद पाहिला. पिंजाऱ्याच्या घराची जागा १९५४ मध्ये ‘पडीक’ अशी दाखवलेली आहे. आज तिथे आमच्याच भावकीतल्या एकाचा गोठा आहे.

काल आत्याला वही वाचून दाखवली. ‘पिंजारी, वय अंदाजे चाळीस, पत्नी, भाऊ’ असे मी वाचले तशी तिने मला थांबवले. म्हणाली, “पिंजारी पिंजारी काय लावलंय? नाव व्हतं की त्येला.” आणि तिने नाव सांगितले. भावाचेही सांगितले. बायकोचे आठवेना, तेव्हा बराच वेळ डोळे मिटून बसली आणि म्हणाली, ती आईला ‘बुबू’ म्हणायला लावायची, तेवढे लिही.

एक मुलगा त्या रात्री गावात नव्हता, असे ती म्हणते. तो किंवा त्याची मुले कुठे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ही नावे मी इथे लिहीत नाही. वहीत लिहिली आहेत. आत्याचे नाव, तिचा अंगठा आणि कालची तारीख खाली आहे.

दख्खनी_सफर

गुरुजी, नावे मला फोनवर सांगा. हैदराबादेत आमच्या भागातून गेलेली पिंजाऱ्यांची काही घरे आहेत. पुढच्या महिन्यात जातो आहे, विचारून येईन.